कोरा चेक

आज एका इंग्रजी वाक्प्रचाराबद्दल बोलू या. ‘ब्लँक चेक देणे’. “सुनेला मी घरात ब्लँक चेकच दिलाय,” असं एखादी सासू कौतुकानं म्हणते. म्हणजे पूर्ण मोकळीक दिली. पण “मदत करीन, ब्लँक चेक देणार नाही,” असं कुणी म्हटलं, तर मदतीला मर्यादा आहे, असा अर्थ.

शब्द आला खऱ्या चेकवरून. सही आहे, रक्कम नाही. समजा, आपल्या गटातली सही करणारी ताई पहाटेच फुलं घेऊन दादरला जाते. बँकेच्या वेळेत ती सापडत नाही. मग आदल्या दिवशीच कोऱ्या चेकवर सह्या करून ठेवते. सोय होते, पण दोन सह्या कशासाठी असतात? एकीनं लिहिलेलं दुसरीनं पाहावं म्हणून. कोऱ्या चेकवर दुसरी पाहणार काय?

कर्जासाठी कुणी तुमचा कोरा चेक मागत असेल, तर जास्तच जपा. स्वखुशीनं सही करून दिलेल्या कोऱ्या चेकवर रक्कम दुसऱ्यानं लिहिली, तरी तो चेक देण्यापोटीच दिला असं कायदा धरून चालतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये हे स्पष्ट केलंय. देणं नव्हतं, हे आपल्यालाच दाखवावं लागतं. चेक परत गेला आणि गुन्हा सिद्ध झाला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

न वाचता केलेल्या सहीचं दुखणं जुनंच आहे. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. रोख्यात काय लिहिलंय हे कित्येकांना कळतही नसे. पुढे १८७९ च्या कायद्यानं शेतकऱ्याचा रोखा गावच्या निबंधकासमोर लिहायचा, असं ठरलं.

मग आपण काय करायचं? पुढच्या बैठकीत ठराव लिहा: तारीख, नाव, रक्कम भरल्याशिवाय सही नाही. सही करणारीला वेळ मिळत नसेल, तर ठराव करून बँकेत सही बदलून घ्या. आणि कुणी म्हणालं, “माझ्यावर विश्वास नाही का गं?” तर हसून सांगा, “आहे ना ताई! उद्या हिशेबात चूक निघाली तर बोल तुझ्यावर येऊ नये, म्हणून तर आधी भरून आण म्हणते.”