लघवीची जळजळ आणि शाळेची घंटा
(दारव्हा येथील शिक्षकांच्या सभेत केलेले भाषण)



आजचा विषय सभेत बोलण्यास थोडा संकोचाचा आहे. परंतु या संकोचामुळेच मुलांचे दुखणे वाढते, म्हणून तो बाजूस ठेवून बोलणे मला कर्तव्य वाटते.

वर्गातील एखादी मुलगी तासातासाला बाहेर जाण्याची परवानगी मागते. आपण एकदा देतो, दुसऱ्यांदा रागावतो, तिसऱ्यांदा तिला खाली बसवितो. ती टाळाटाळ करीत आहे, असे आपणांस वाटते. वस्तुतः तिच्या मूत्राशयास जंतूंची बाधा झालेली असू शकते.

शरीरात मूत्रपिंडे वर आणि मूत्राशय व मूत्रनलिका खाली असतात. खालच्या भागाची बाधा बहुधा आतड्यातील जंतूंमुळे होते. एशेरिख नावाच्या वैद्याने 1885 साली वर्णिलेला ‘ई. कोलाय’ हा त्यांतील प्रमुख. मुलींची मूत्रनलिका आखूड असल्याने जंतूंना आत शिरणे सोपे जाते. लघवी फार वेळ तुंबवून ठेवणे, पाणी कमी पिणे आणि बद्धकोष्ठ ही कारणे त्यात भर घालतात.

लक्षणे ध्यानात ठेवावीत : लघवी करताना जळजळ, वारंवार व थोडी थोडी लघवी, ती धरून ठेवता न येणे, ओटीपोटात दुखणे, लघवी गढूळ, दुर्गंधीयुक्त वा रक्तमिश्रित होणे. पूर्वी अंथरूण ओले न करणारे मूल पुन्हा करू लागले, तरी शंका घ्यावी. मात्र थंडी वाजून ताप, कुशीत वा पाठीत दुखणे आणि उलट्या ही लक्षणे दिसल्यास बाधा मूत्रपिंडापर्यंत पोचली असण्याचा संभव असतो. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आपल्याकडे लोक याला ‘उन्हाळी लागली’ म्हणतात आणि धनेजिऱ्याचे पाणी किंवा सब्जा देतात. उन्हामुळे पाणी कमी पडून जळजळ झाली असेल, तर पाण्याने आराम पडतो. परंतु जंतू असतील तर एवढ्याने ते मरत नाहीत. दिवसभरात उतार पडला नाही, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा दारव्ह्याच्या शासकीय रुग्णालयात लघवी तपासून घ्यावी. नमुना स्वच्छ बाटलीत, मधल्या धारेचा आणि औषध सुरू करण्यापूर्वी घ्यावा.

जंतुनाशक औषध डॉक्टरांनीच ठरवावे. बाधा मूत्राशयापुरती असल्यास ते साधारणतः तीन ते सात दिवस द्यावे लागते. एकदोन दिवसांत बरे वाटले म्हणून गोळ्या मध्येच सोडू नयेत, शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्याही घेऊ नयेत. अशा वापराने जंतू औषधांना दाद देईनासे होतात. दोन दिवसांत उतार न पडल्यास पुन्हा दाखवावे. गर्भवती स्त्रिया, मधुमेही आणि पुरुष यांनीही हे दुखणे अंगावर काढू नये.

आता आपल्या हातात काय आहे? 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह आवश्यक ठरविले आहे. परंतु दाराला कडी नसेल, आत पाणी नसेल, तर मुलगी सकाळपासून पाणीच पीत नाही. आपल्या भगिनी शिक्षिकाही पुष्कळदा असेच करतात. केरळातील शाळांनी 2019 साली मुलांना पाणी पिण्याची आठवण देणारी स्वतंत्र घंटा सुरू केली. आपल्या शाळेतही अशी घंटा वाजविण्यास खर्च येत नाही.

मुलींना शौचानंतर पुढून मागे धुण्यास शिक्षिकांनी शिकवावे. पाळीच्या दिवसांतील कापड वेळेवर बदलण्याविषयीही सांगावे. परवानगी मागणाऱ्या मुलास चारचौघांत कारण विचारू नये. लक्षण दिसल्यास पालकांना एकांतात कळवावे आणि शाळेत येणाऱ्या आरोग्य तपासणी पथकाच्याही कानावर घालावे.

मित्रहो, ज्या मुलीचे ओटीपोट दुखत आहे, तिच्या ध्यानात पाढे कसे राहतील? उद्या वर्गात एखादे बोट भीत भीत वर झाले, तर ‘जा बाळ’ एवढेच म्हणावे. या दोन शब्दांनी एखादे मोठे दुखणे टळू शकेल.