पॉइंट गार्ड म्हातारा होतो तेव्हा

आजचा विषय जरा नाजूक आहे. बास्केटबॉलमधला पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल वर घेऊन येणारा, प्रत्येकाला कुठे उभं राहायचं ते सांगणारा, टीमचा मेंदूच म्हणा ना. तो पस्तिशी ओलांडतो तेव्हा टीमने काय करायचं? ठेवायचा, बेंचवर बसवायचा, की सरळ टाटा-बाय-बाय?

यात बहुतेक लोक असिस्टचा आकडा बघतात, आणि मला तिथेच गडबड वाटते. अरे, असिस्ट ही सगळ्यात शेवटी जाणारी गोष्ट आहे! पास द्यायला डोळे लागतात, डोकं लागतं, आणि ते चाळिशीतही शाबूत असतं. आधी जातात ते पाय.

२०२१-२२ चा ख्रिस पॉल आठवा. फिनिक्स सन्सने त्या सीझनला ६४ मॅच जिंकल्या, क्लबच्या इतिहासातला रेकॉर्ड. पॉलचे मॅचमागे १०.८ असिस्ट, अख्ख्या एनबीएमध्ये पहिला नंबर. कागद बघून कोण म्हणेल माणूस थकलाय म्हणून? मग प्लेऑफमध्ये समोर डॅलस आली. ६ मे २०२२ ला, पॉलच्या सदतिसाव्या वाढदिवशी, पहिल्याच हाफमध्ये त्याचे ७ टर्नओव्हर. डॅलसने काय केलं, तर त्याच्या हातात बॉल आला रे आला की एक माणूस अंगाला चिकटवायचा, तेही पूर्ण कोर्टभर. बॉल हाफलाइनपर्यंत आणतानाच दमवून टाकायचं. सातवी मॅच फिनिक्सच्या घरी होती. स्कोअर १२३-९०. डॅलसच्या बाजूने.

त्यामुळे मी मॅच बघताना दुसऱ्याच गोष्टींवर लक्ष ठेवतो. समोरच्या माणसाला मागे टाकून तो रिमपर्यंत किती वेळा पोहोचतोय? फ्री थ्रो मिळताहेत का? आणि डिफेन्सला तर नीट बघाच. समोरची टीम मुद्दाम स्क्रीन लावून त्यालाच शोधतेय का? आपला कोच त्याला लपवतोय का, म्हणजे समोरच्या सगळ्यात सुमार शूटरवर उभा करतोय का? एकदा लपवालपवी सुरू झाली की समजायचं, घड्याळ टिकटिक करतंय.

पण माणूस थकलाय हे कळणं हे अर्धंच काम झालं. खरी गंमत पुढे आहे.

जून २०२३ मध्ये फिनिक्सने पॉलला वॉशिंग्टनला दिलं आणि ब्रॅडली बील घेतला. बील स्कोअरर चांगला, प्रश्नच नाही. पण पॉइंट गार्ड कुठेय? नावाडी उतरवला आणि वल्हं कुणाच्याच हातात नाही, अशी अवस्था. पुढच्या प्लेऑफमध्ये मिनेसोटाने पहिल्याच राउंडला ४-० ने घरी पाठवलं. त्याच्या पुढच्या वर्षी ३६ जिंकल्या, ४६ हरल्या, प्लेऑफ नाहीच. आणि पॉल? तो गोल्डन स्टेटमार्गे सॅन अँटोनियोला पोहोचला आणि ३९ व्या वर्षी २०२४-२५ च्या सगळ्याच्या सगळ्या ८२ मॅच खेळला. स्पर्स २२ विजयांवरून ३४ वर गेले. सगळं श्रेय त्याचं नाही, टीममध्ये वेम्बान्यामा नावाचं प्रकरण पण होतं. तरी पण!

माझं मत विचाराल तर पॉलला सोडणं चुकीचं नव्हतं. त्याच्या खुर्चीचं काय करायचं हे न ठरवता सोडणं चुकीचं होतं.

आणि मजा बघा, हेच काम याच फिनिक्सने २०१२ मध्ये झकास केलं होतं. स्टीव्ह नॅश, दोन वेळा एमव्हीपी, शहराचा लाडका, वय ३८. लेकर्सना तो हवा होता. फिनिक्सने बदल्यात दोन फर्स्ट राउंड आणि दोन सेकंड राउंड पिक घेतले, आणि त्याच महिन्यात गोरान ड्रागिचला करारावर आणलं. लेकर्ससाठी दुसऱ्याच मॅचमध्ये नॅशचं पायाचं हाड फ्रॅक्चर झालं. तीन वर्षांचा करार, रेग्युलर सीझनच्या मॅच खेळला फक्त ६५. फिनिक्सला तरी लगेच सुख मिळालं का? नाही हो, पहिल्या वर्षी २५-५७. दुसऱ्या वर्षी मात्र ४८ विजय. त्या पिकांपैकी एक तर फिलाडेल्फियाला गेला, २०१८ मध्ये त्यावर मिकल ब्रिजेस निवडला गेला, आणि त्याच रात्री फिलाडेल्फियाने त्याला फिनिक्सलाच दिलं! तोच ब्रिजेस पुढे २०२१ ची फायनल ख्रिस पॉलसोबत खेळला. असं कुणी सिनेमात दाखवलं तर आपण म्हणू, जरा जास्तच होतंय.

आता तुमच्यातला कुणीतरी म्हणणार, "मग जेसन किडचं काय?" बरोबर आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये न्यू जर्सी नेट्सने ३४ वर्षांचा किड डॅलसला दिला आणि जवळजवळ दहा वर्षांनी लहान डेव्हिन हॅरिस घेतला. डॅलसवर लोक हसले. २०११ मध्ये किड ३८ व्या वर्षी चॅम्पियन, आणि त्याच्या आदल्या सीझनला नेट्स १२-७०. पण किडने तोवर स्वतःचं काम बदललं होतं. तरुणपणी त्याला "एसन" म्हणून चिडवायचे, नावात "जे" नाही म्हणजे जम्पशॉट नाही. तोच माणूस कारकिर्दीत १९८८ थ्री मारून थांबला. डॅलसमध्ये आत घुसायचं काम छोटासा बारेया करायचा, किड बाहेर उभा राहून शूट करायचा, आणि डिफेन्सला ताकदीच्या जोरावर स्वतःपेक्षा उंच माणसांना अंगावर घ्यायचा. ज्याला दुसरी नोकरी जमते, त्याला ठेवा. जो अजून पहिलीच मागतो, तिथे अवघड होतं.

(करीचं नाव कमेंटमध्ये आणू नका प्लीज. तो वेगळाच प्राणी आहे, त्याच्यावर स्वतंत्र भाग करू.)

उरतो तो सगळ्यात कठीण भाग: सांगायचं कुणी आणि कसं? इथे मला टोनी पार्कर आठवतो. एकोणिसाव्या वर्षी स्पर्सचा स्टार्टर, चार टायटल, २००७ चा फायनल्स एमव्हीपी. मे २०१७ मध्ये त्याच्या मांडीचा टेंडन फाटला. तो परत आला, पण तो वेग आला नाही. जानेवारी २०१८ मध्ये कोच पॉपोविच त्याच्याशी स्वतः बोलला, वेळ आलीय म्हणून सांगितलं, आणि २१ वर्षांचा डिजाँटे मरे स्टार्ट करू लागला. पार्करने पत्रकारांना सांगितलं की मी मरेला मदत करीन. बेंचवर गेला, तक्रार नाही. हे जमलं कारण सतरा वर्षं ते दोघं एकमेकांशी खरं बोलत आले होते. एजंटकडून किंवा ट्विटरवरून कळलं असतं तर?

तरी गोष्ट गोड नाहीये. त्या उन्हाळ्यात पार्कर शार्लटला गेला. ऑक्टोबरमध्ये, सीझन सुरू व्हायच्या आधीच, मरेच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं आणि त्याचं अख्खं वर्ष गेलं. सगळं नीट करूनही खुर्ची रिकामीच! जानेवारी २०१९ मध्ये पार्कर शार्लटच्या जर्सीत सॅन अँटोनियोला आला, लोक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले, आणि मग त्याच्या टीमने स्पर्सना हरवलं. नोव्हेंबरमध्ये त्याची ९ नंबरची जर्सी त्याच हॉलच्या छताला टांगली गेली.

चला, थांबतो. तुमच्या टीममध्ये सध्या कुणाला लपवलं जातंय, ते कमेंटमध्ये लिहा.