लढाऊ हेलिकॉप्टराचा भाता

अर्जुनास खांडववनाच्या प्रसंगीं अक्षय भाते मिळाले. बाण कितीही सोडले तरी ते रिते होत नसत, आणि त्यांचें ओझें रथाच्या घोड्यांस जाणवलें असें कोठें ऐकिवांत नाहीं. आजच्या लढाऊ हेलिकॉप्टराचें भाग्य तसें नाहीं. त्याच्या भात्यांतील प्रत्येक बाण तराजूंत तोलून घ्यावा लागतो, आणि एक उचलला कीं दुसरा बहुधा खालीं ठेवावा लागतो. श्रोत्यांनीं हा एवढा हिशेब ध्यानीं धरला म्हणजे अमुक यंत्रावर अमुकच शस्त्र कां, ह्या प्रश्नाचा उलगडा पुष्कळसा होऊन जातो.

व्हिएतनामच्या युद्धांत १९६७ सालीं अमेरिकेचें ‘कोब्रा’ रणांगणावर आलें. त्यापूर्वीं तेथें सैनिकांची ने-आण करणाऱ्या हेलिकॉप्टरांसच बंदुका व अग्निबाण बांधून काम भागविलें जाई. कोब्रा मात्र केवळ हल्ल्यासाठीं घडविलेलें, अरुंद अंगाचें, एकामागें एक बसणाऱ्या दोघांचें यंत्र होतें. पुढें अमेरिकेनेंच ‘अपाची’ बनविलें आणि तें ह्या जातीचा नमुना ठरलें. त्याच्या नाकाखालीं ३० मिलिमीटरची तोफ असते. तोफखान्यांतील तोफेशीं तिचें नांवापलीकडे फारसें नातें नाहीं. शिरस्त्राणांतून गोलंदाज जिकडे पाहील तिकडे तिचें तोंड वळतें, आणि मिनिटास ६०० हून अधिक गोळे ती फेंकते. सांठा मात्र सुमारें १,२०० गोळ्यांचा. म्हणजे बोट दाबून धरलें तर दोन मिनिटांत सारा खेळ आटोपला! म्हणून ती नेहमीं थोडी थोडी चालविली जाते.

अग्निबाण ७० मिलिमीटर जाडीचे, नळकांड्यांतून सुटणारे व स्वस्त. साध्या अग्निबाणास डोळा नसतो. नेम चुकला तर तो चुकलाच. क्षेपणास्त्राचें तसें नाहीं. ‘हेलफायर’ नांवाचें क्षेपणास्त्र लेसर किरणाच्या ठिपक्याचा माग काढीत थेट रणगाड्यावर जाऊन आदळतें. पण एकेकाचें वजन ५० किलोच्या घरांत. अपाचीवर तीं सोळा टांगतां येतात. मात्र सोळाही टांगलीं म्हणजे अग्निबाणांस जागा उरत नाहीं.

१७ जानेवारी १९९१ च्या पहांटे आठ अपाचींनीं इराकचीं रडार-ठाणीं उडवून आखाती युद्धास तोंड फोडलें. पल्ला लांबचा असल्यानें अग्निबाणांचें एक नळकांडें काढून त्या जागीं इंधनाची टाकी लावावी लागली होती. शस्त्राशीं स्पर्धा करणारी ही टाकी सामान्य वाचकाच्या दृष्टीस क्वचितच पडते.

हें झालें सपाट वाळवंटाचें. हिमालयांत ह्याच हिशेबाला निराळेंच वळण लागतें. समुद्रसपाटीपासून ५,००० मीटर उंचीवर हवेची घनता खालच्या मानानें सुमारें साठ टक्केच राहते. पात्यांस कवटाळावयास हवाच कमी, आणि इंजिनालाही श्वास अपुरा. कारगिलच्या युद्धांत १९९९ सालीं भारतापाशीं रशियन बनावटीचीं चिलखती हल्लेखोर हेलिकॉप्टरें होतीं. परंतु त्या शिखरांवर तीं निरुपयोगी ठरलीं. तेव्हां वाहतुकीच्या एमआय-१७ वर अग्निबाण बांधून तीं धाडावीं लागलीं. २८ मे रोजीं तोलोलिंगजवळ त्यांतील एक खांद्यावरून सोडलेल्या क्षेपणास्त्रानें पाडलें. उष्णतेच्या मागें धांवणाऱ्या अस्त्रास चकविणाऱ्या ज्वाला सोडण्याची सोय त्याच हेलिकॉप्टरावर नव्हती. आंतील चौघेही वीरगतीस पावले. ह्या कामीं त्यानंतर एमआय-१७ पाठविणें थांबविण्यांत आलें. शस्त्र म्हणजे केवळ मारावयाचें साधन नव्हे. वांचविणाऱ्या ज्वालेचेंही वजन भात्यांतच धरावें लागतें, हें त्या दिवशीं फार महाग पडून कळलें.

बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सनें बनविलेलें ‘प्रचंड’ हें ह्या अनुभवाचें अपत्य होय. नांव प्रचंड असलें तरी अंग सडपातळ. भारासह कमाल वजन ५.८ टन, म्हणजे अपाचीच्या निम्म्याहून थोडेंसें अधिक. सियाचिनवर सुमारें ४,७०० मीटर उंचीवर ५०० किलो भारासह तें उतरून पुन्हां उडालें आहे. त्याची तोफ २० मिलिमीटरची फ्रेंच बनावटीची आहे. गोळा लहान खरा. पण तोफही हलकी, आणि विरळ हवेंत ती हलकी असण्यालाच मोल. पंखांखालीं ७० मिलिमीटरचे अग्निबाण आणि ‘मिस्त्राल’ हीं हवेंतल्या हवेंत मारा करणारीं क्षेपणास्त्रें. शत्रूचें हेलिकॉप्टर किंवा वैमानिकाविना हिंडणारें टेहळणी विमान आडवें आलें तर त्याचा समाचार घेण्यास तीं उपयोगी पडतात.

३ ऑक्टोबर २०२२ रोजीं जोधपूर येथें ‘प्रचंड’ हवाई दलांत दाखल झालें, तेव्हां त्याच्या भात्यांत रणगाडाभेदी क्षेपणास्त्र मात्र नव्हतें. ही उणीव लहान म्हणतां येत नाहीं. कारण २०२० नंतर लडाखच्या पठारावर दोन्ही बाजूंचे रणगाडे समोरासमोर उभे ठाकले होते. ह्यासाठींच सिद्ध होत असलेल्या ‘हेलिना’ ह्या स्वदेशी क्षेपणास्त्राचा पल्ला सात किलोमीटर. तें लक्ष्याची उष्णता-प्रतिमा पाहून स्वतःच वाट काढतें, त्यामुळें तें सोडतांच वैमानिक डोंगराआड दडूं शकतो. ध्रुव हेलिकॉप्टरावरून त्याची चांचणी पोखरणच्या वाळूंत झाली, आणि एप्रिल २०२२ मध्यें उंच भूमींत. पुढें मार्च २०२५ मध्यें १५६ ‘प्रचंड’ हेलिकॉप्टरांचा करार झाला. त्यांपैकीं ९० भूदलासाठीं आणि ६६ हवाई दलासाठीं आहेत.