वित्ताचे गणित : एक पदव्युत्तर विद्याशाखा
(एका भाषणाचा मजकूर)



हळदीची लागवड करणाऱ्या शेतकऱ्याला पीक हाती येईपर्यंत आठ-नऊ महिने थांबावे लागते. त्या वेळी बाजारात भाव काय असेल, हे त्याला ठाऊक नसते. कर्ज देणारी बँक, हप्ता स्वीकारणारी विमा कंपनी आणि निवृत्तिवेतनाचा निधी यांच्याही वाट्याला अशीच अनिश्चितता येते. या अनिश्चिततेचे मोजमाप करून तिची किंमत ठरविणारे शास्त्र म्हणजे संख्यात्मक वित्तशास्त्र होय.

या शास्त्राचा पाया १९०० साली पॅरिसमध्ये घातला गेला. लुई बाशेलिए या तरुण गणितज्ञाने सट्ट्याच्या सिद्धांतावर प्रबंध सादर केला आणि रोख्यांच्या भावांतील चढउतार संभाव्यतेच्या गणितात बसविले. हे कार्य दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. पुढे १९७३ साली फिशर ब्लॅक व मायरन शोल्स यांनी ऑप्शन या कराराची किंमत काढण्याचे सूत्र प्रसिद्ध केले. रॉबर्ट मर्टन यांनी त्याच वर्षी त्याचा विस्तार केला. ब्लॅक यांचे १९९५ साली निधन झाले; शोल्स व मर्टन यांना १९९७ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

बाजाराला अशा गणितज्ञांची गरज भासू लागली, तेव्हा विद्यापीठांनी स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केले. पॅरिसमध्ये १९९० साली निकोल एल् करुई यांच्या पुढाकाराने, तर अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९४ साली असे शिक्षण सुरू झाले. संभाव्यता, कलनशास्त्र, रेषीय बीजगणित, संख्याशास्त्र व संगणकाचे कार्यक्रमलेखन हे या शिक्षणाचे आधारस्तंभ होत. वित्ताचे ज्ञान पुढे मिळविता येते; गणिताची उणीव मात्र ऐनवेळी भरून निघत नाही. म्हणूनच केवळ भांडवल बाजाराचे आकर्षण असलेल्या विद्यार्थ्यापेक्षा गणितात रमणारा विद्यार्थी येथे अधिक टिकतो.

या शास्त्राला मर्यादाही आहेत. शोल्स व मर्टन ज्या गुंतवणूक निधीचे भागीदार होते, तो ‘लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट’ हा निधी १९९८ साली, रशियाने कर्जफेड थांबविल्यानंतर, कोसळण्याच्या बेतात आला. चौदा वित्तसंस्थांनी सुमारे ३६० कोटी डॉलर घालून तो सावरला. सूत्र चुकले नव्हते. भूतकाळासारखाच भविष्यकाळ असेल, हे गृहीतक चुकले होते. पदव्युत्तर शिक्षणात गृहीतक तपासण्याची सवय लागली नाही, तर उरलेले गणित धोकादायक ठरते.

ग्रामीण भागातील शिक्षक व पंचायत सदस्यांनी आणखी एक भेद ध्यानी घ्यावा. पिकाचा भाव आधीच बांधून घेणे म्हणजे जोखीम कमी करणे. भावावर पैज लावणे म्हणजे ती ओढवून घेणे. ‘सेबी’ने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत समभागांच्या वायदे व ऑप्शन व्यवहारांत उतरलेल्या व्यक्तींपैकी शेकडा ९३ जणांना तोटा झाला. मोबाइलवर सौदे करणारा तरुण या शास्त्राचा अभ्यास करीत असतो, असा समज घरात रुजू देऊ नये.

महागड्या अभ्यासक्रमासाठी जमीन गहाण टाकण्यापूर्वी पालकांनी तीन प्रश्न विचारावेत : पाल्याची गणिताची तयारी किती? अध्यापकवर्ग कोण? आणि उत्तीर्ण झालेले विद्यार्थी प्रत्यक्षात कोठे काम करीत आहेत? शासकीय विद्यापीठांतील संख्याशास्त्राची पदव्युत्तर पदवी, १९३१ साली कोलकात्यात स्थापन झालेली भारतीय सांख्यिकी संस्था, तसेच विमागणिताच्या परीक्षा हेही याच क्षेत्राकडे नेणारे मार्ग आहेत. गावातील एखादी मुलगी फळ्यावरचे कठीण उदाहरण सोडविल्याशिवाय उठत नसेल, तर हे मार्ग तिला वेळीच सांगणे, हे शिक्षकाचे कर्तव्य होय.