सत्तेलाहि वेसण पाहिजे
(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत केलेलें भाषण)



सरकार नको असें आम्ही म्हणत नाहीं. चोर धरावयास, बांधाचा तंटा तोडावयास तें पाहिजेच. पण बैल कितीहि गुणी असला तरी आपण त्यास वेसण घालतोंच कीं नाहीं? सत्तेस ती नसली म्हणजे काय होतें, हें पारधी, कैकाडी, मांग-गारुडी बांधवांनीं अंगावर सोसलें आहे.

इंग्रज सरकारनें १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा केला व १९११ सालीं तो साऱ्या मुलखास लागूं होईल असा केला. सरकारनें जाहीरनामा छापला कीं सबंध जात चोर ठरली, पाळण्यांतल्या पोरासकट! नांव नोंदवा, बोटांचे ठसे द्या, हजेरी द्या, परगांवीं जातांना वर्दी द्या. सोलापुरास तर तारेच्या कुंपणांत माणसें कोंडलीं. परंतु खरें विष निराळेंच होतें. ह्या जाहीरनाम्याविषयीं कोणत्याहि कोर्टानें शंका घेऊं नये, असें त्या कायद्यांतच लिहिलें होतें. आरोप करणारें सरकार, निवाडा करणारें सरकार, कुंपण घालणारेंहि सरकार! मग गरिबानें दाद मागावी कोठें?

करवीरच्या शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं आपल्या राज्यांतील महार, मांग, रामोशी, बेरड यांची हजेरी बंद केली. थोर राजा होता म्हणून तें झालें. प्रत्येक गादीवर शाहू कोठून आणावा? म्हणून लेखी बंधन बरें. १९५० च्या राज्यघटनेनें तें घातलें. पकडलेल्यास कारण सांगावें, वकील भेटूं द्यावा, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांचे आंत मॅजिस्ट्रेटपुढें उभें करावें, असें २२ वें कलम सांगतें. जमातींचा कायदाहि ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं गेला.

तरी वेसण सैल होते. गुन्ह्यापूर्वींच स्थानबद्ध करण्याची सोय त्याच २२ व्या कलमांत आहे. १९७५ च्या आणीबाणींत हजारों माणसें विनाचौकशी तुरुंगांत गेलीं, आणि १९७६ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या पांचांपैकीं चार न्यायमूर्तींनीं त्यांस कोर्टाचा दरवाजा बंद केला. एकटे न्या. खन्ना विरुद्ध उभे राहिले. पुढें १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनें जीविताचा व स्वातंत्र्याचा हक्क आणीबाणींतहि निलंबित होऊं नये असें ठरलें.

आतां घरचें बोलतों. राग आला तरी चालेल. गांवांत चोरी झाली कीं पहिली धाड पारध्याच्या पालावर पडते. तेव्हां आपण कुणबी, माळी, सुतार मंडळी "तोच असेल" म्हणून कडी लावून निजतों. हा जाहीरनामा कोणत्या सरकारनें छापला?

अटकेच्या कागदावर वेळ व तारीख घालून घरच्या माणसाची किंवा गांवांतील प्रतिष्ठिताची साक्ष घ्यावी, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं सांगितलें आहे. पालावरचें माणूस रात्रीं एकटें ठाण्यांत जातें, त्याच्या कागदावर साक्ष करावयास कोणी नसतें. आपल्यापैकीं कोण जाणार, तीं दोन नांवें आज ही सभा उठण्यापूर्वीं ठरवूं या.