तापाच्या उशाशी



पाऊस उघडतो, दिवसा ऊन चटकायला लागतं, पहाटे गोधडी ओढावीशी वाटते, आणि आपल्या अजिंठा-सिल्लोड भागात घरोघरी आजारपण सुरू होतं. कुणाचं नाक चोंदलेलं, कुणाचा घसा धरलेला, कुणाला दिवेलागणीला कणकण, तर कुणी मध्यरात्री घामानं ओलंचिंब होऊन उठलेलं. नेमकी हीच मका सोंगायची आणि कापूस वेचायची वेळ. अंथरुणाला पाठ टेकायला कुणाला सवड नसते. म्हणून आज मी सर्दी, ताप आणि रात्रीच्या घामाबद्दल बोलणार आहे. घरात काय करता येतं आणि ते कुठवर पुरतं, याबद्दल.

पण आधी थोडा वेळ लेण्यांकडं चला. आलेल्या पाहुण्यांना आपण चित्रं दाखवायला नेतो. बारा नंबरच्या लेण्यात चित्रांसाठी कुणी थांबत नाही. तिथं भिंतींना लागून लहान लहान खोल्या आहेत आणि खोल्यांमध्ये खडकातच कोरलेले ओटे आहेत, झोपण्यासाठी. दोन हजार वर्षांपूर्वीची ती भिक्खूंची राहण्याची जागा. पावसाळ्यात भिक्खूंनी एका ठिकाणी मुक्काम करायचा, असा नियम होता. वाघूर नदी खाली दुथडी भरून चाललेली, कड्यावरून पाणी कोसळतंय, काळा दगड गार पडलाय, आणि त्या ओट्यावर कुणीतरी तापानं फणफणलेला माणूस पडलाय. घरदार तर तो सोडून आलेला. त्याच्या उशाशी कोण बसणार?

हा प्रश्न त्या लोकांनाही पडला होता. भिक्खूंच्या आचारनियमांचा जो ग्रंथ आहे, विनयपिटक, त्याच्या महावग्ग या भागात एक प्रसंग येतो. एक भिक्खू पोटाच्या दुखण्यानं स्वतःच्याच घाणीत पडलेला होता. तो कुणाच्या उपयोगी पडला नव्हता, म्हणून त्याच्याकडंही कुणी पाहत नव्हतं. बुद्धांनी आपला शिष्य आनंद याला पाणी आणायला सांगितलं, दोघांनी मिळून त्या माणसाला धुतलं, उचलून खाटेवर निजवलं. मग सगळ्यांना जमवून त्यांनी समजावलं, की इथं तुमची आई नाही, बाप नाही, तेव्हा एकमेकांची शुश्रूषा तुम्हीच करायची; आणि ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्यानं आजाऱ्याची करावी.

त्याच ठिकाणी चांगली शुश्रूषा करणारा कसा ओळखावा तेही सांगितलंय. त्याला औषध तयार करता यायला हवं. आजाऱ्याला काय मानवतं आणि काय नाही, हे त्याला कळायला हवं. त्यानं लोभानं नव्हे, मायेनं करायला हवं. मलमूत्र, थुंकी, ओकारी उचलताना त्याला किळस येता कामा नये. आणि आजाऱ्याशी चार शब्द बोलून त्याचं मन उभारी धरेल असं त्याला करता यायला हवं. आजच्या परिचारिकेच्या शिक्षणातून यातलं काय गाळता येईल? मला तरी काही दिसत नाही.

आता औषधं. शरद ऋतूत भिक्खू आजारी पडायचे, अन्न पोटात ठरायचं नाही, अंगानं वाळायचे, तोंडं पांढरी पडायची. तेव्हा त्यांना पाच गोष्टी अवेळीसुद्धा घ्यायची मुभा मिळाली: तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी. डोकं दुखत असेल तर डोक्याला तेल, नाकात तेलाचे थेंब, नाहीतर औषधी धुरी. अंग आखडलं असेल तर पाला घालून घामाचा शेक. आणि पातळ पेजेचे तर दहा गुण मोजून सांगितलेत. ती भूक भागवते, तहान भागवते, पचनाला हलकी पडते. श्रोतेहो, हे सगळं आजही आपल्या स्वयंपाकघरात आहे.

घरच्या या उपायांकडून अपेक्षा कसली ठेवायची, हे आधी ठरवून घेऊ. सर्दी दोनशेहून अधिक प्रकारच्या विषाणूंनी होते. ती बहुधा सात ते दहा दिवसांत आपली आपण जाते. कुठलाही काढा तिला दोन दिवसांत घालवत नाही. अँटिबायोटिकची गोळी तर विषाणूंवर चालतच नाही. तरीही सुई टोचून घेतल्याशिवाय, सलाईन लावून घेतल्याशिवाय बरं वाटणार नाही, असा हट्ट आपण धरतो आणि मजुरीचे पैसे त्यात घालवतो. त्या सात-आठ दिवसांत आजारी माणसाला झोप लागावी, घोट गिळता यावा, श्वास मोकळा वाटावा, एवढ्यासाठी घरचे उपाय असतात. मला हे काम मोठं वाटतं.

वाफेचंच घ्या. वाफेनं सर्दीचे दिवस कमी होत नाहीत, पण चोंदलेलं नाक थोडा वेळ मोकळं वाटतं, छातीला ऊब मिळते. पातेल्यात नुसतं गरम पाणी पुरे. मात्र लहान मुलाला उकळत्या पातेल्यावर वाकवून वर चादर टाकायची नाही. पातेलं कलंडून मुलं भाजतात, आणि ते भाजणं कुठल्याही सर्दीपेक्षा वाईट. बाम चोळला की नाक उघडल्यासारखं वाटतं. खरं तर हवा पहिल्याइतकीच जात असते, मेन्थॉल फक्त नाकातल्या थंडावा ओळखणाऱ्या नसांना जागं करतं. पण रात्री दोन वाजता तेवढं वाटणंही झोप यायला पुरतं. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती-पाठ शेकायची, तर आधी ती आपल्या मनगटाला लावून पाहायची. कापूर तान्ह्या मुलांपासून दूर ठेवायचा. पोटात गेला तर झटके येतात.

खोकल्याला मध चांगला. २००७ साली अमेरिकेत १०५ मुलांवर रात्रीच्या खोकल्यासाठी मधाचा प्रयोग झाला, आणि ज्यांना झोपण्यापूर्वी मध दिला त्यांचा खोकला काहीच न दिलेल्या मुलांपेक्षा कमी झाला, झोपही बरी लागली. पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध बोटानंसुद्धा चाटवायचा नाही. मधातल्या जंतूंमुळं त्या वयात जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. आपल्याकडं बाळाला मध चाटवायची रीत आहे, म्हणून हे मुद्दाम सांगते. अडुळसाही आपल्या बांधावरचाच. त्यातल्या वासिसिन नावाच्या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्सिन हे खोकल्याचं औषध तयार झालं, कित्येक बाटल्यांवर तुम्हाला ते नाव दिसेल. गरोदर बाईनं मात्र अडुळशाचा काढा घेऊ नये.

तोंडाला चव नसते तेव्हा मऊ भात, वर तूप-मेतकूट. ज्वारीच्या कण्या ताकातल्या. आणि हुलग्याचं माडगं किंवा शेंगोळी, लसूण ठेचून घातलेली, वाफाळती. नाकातून पाणी येईपर्यंत प्यायचं ते. ताप आला म्हणून माणसाला उपाशी ठेवायचं काही कारण नाही. झेपेल तेवढं, थोडं थोडं, पण द्यायचं.

आता घामाकडं येते, कारण इथं आपल्या घरांत एक गैरसमज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. ताप आला की दार-खिडकी लावायची, वाकळांवर वाकळा टाकायच्या आणि घाम काढायचा. घाम निघाला की ताप उतरतो. प्रत्यक्षात होतं ते उलट. मेंदूत शरीराचं तापमान राखणारी एक जागा आहे. जंतू शिरले, की इस्त्रीचं बटण फिरवावं तसा ती जागा आपला आकडा वर सरकवते. शरीर असतं अठ्ठ्याण्णवला आणि मेंदू मागतो एकशे दोन. म्हणून अंगाला थंडी वाटते, हुडहुडी भरते, हातपाय गार पडतात. स्नायू थरथरून उष्णता तयार करत असतात. पुढं आकडा खाली आला, की तेच शरीर स्वतःला फार तापलेलं समजतं आणि दरदरून घाम सोडतं. म्हणजे ताप उतरायला लागलेला असतो म्हणून घाम येतो. तापाची गोळी घेतल्यावर घाम फुटतो तोही याच कारणानं.

तेव्हा हुडहुडी असेल तोवर पांघरूण द्या, माणसाला बरं वाटतं. घाम सुटला की काढून घ्या. लेकराला वाकळांत गुंडाळून ठेवलं तर त्याची उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही. सुती कपडा घालायचा, घाम कोरड्या फडक्यानं टिपायचा, ओली बंडी बदलायची, उशीचा अभ्राही बदलायचा. पट्ट्या ठेवायच्या तर कोमट पाण्याच्या; बर्फाच्या पाण्यानं पुन्हा हुडहुडी भरते. घामानं गेलेलं पाणी भरून काढायला एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे सपाट भरून. तो तांब्या उशाशी ठेवा. रात्री आजाऱ्याला मागायचा संकोच वाटतो, विशेषतः घरातल्या बायकांना. आपलं दुखणं त्या सकाळपर्यंत दाबून ठेवतात.

सोळाव्या लेण्यात एक चित्र आहे. मरणासन्न राजकन्या म्हणून ते ओळखलं जातं. ती तापानं पडलेली नाही. तिचा नवरा नंद भिक्खू झाल्याची बातमी ऐकून ती कोसळलीय. मान कललेली, डोळे मिटत आलेले. एकीनं तिला मागून आधार दिलाय, एक वारा घालतेय, दोघी खाली बसल्यात, आणि शेजारच्या दालनात कुणी कलश आणि पेला घेऊन उभं आहे. चितारणाऱ्यानं आजारी माणसाभोवतीचं घर नीट पाहिलं होतं, असं मला ते बघताना नेहमी वाटतं.

पण काही घाम असे असतात, की त्यांना घरी ठेवून चालत नाही. थंडी वाजून ताप, मग सडकून घाम, मग एखादा दिवस बरा आणि पुन्हा तोच फेरा, असं असेल तर हिवताप धरून चालायचं आणि रक्त तपासायचं. या हिवतापाचं कोडं तर आपल्या जुन्या निजामी राज्यातच सुटलं. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू दिसला. अजिंठा तेव्हा त्याच निजामाच्या राज्यात होता. आणि ज्या रुग्णाला चावलेल्या डासांत तो सापडला, त्या हुसेन खानचं नावही लक्षात ठेवायला हवं. आज आशाताई दारात येऊन बोटातून रक्त घेतात. त्यांना नको म्हणू नका. अंगदुखी, डोळ्यांमागं ठणका आणि अंगावर पुरळ असेल तर डेंग्यूची शंका घ्यायची आणि पॅरासिटामॉलशिवाय दुसरी कुठलीही तापाची किंवा दुखण्याची गोळी मनानं घ्यायची नाही. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

दुसरा घाम जास्त फसवा. ताप हलका, संध्याकाळचा. खोकला दोन आठवडे हटत नाही. वजन उतरतंय. आणि रात्री कपडे बदलावे लागतील इतका घाम. हे क्षयाचं लक्षण असू शकतं. थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते, औषधंही फुकट मिळतात, साधारण सहा महिने घ्यावी लागतात, आणि नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिना हजार रुपये खात्यात जमा होतात. लाजून काढा पीत घरी बसल्यानं घरातल्या लेकरांना लागण होते, एवढंच.

रात्रीचा प्रत्येक घाम आजाराचाच असतो असंही नाही. पंचेचाळीस-पन्नाशीच्या बायकांना पाळी जाण्याच्या सुमाराला अचानक गरम वाफा येऊन घाम फुटतो. हे घरातल्या पुरुषांनाही माहीत असायला हवं, म्हणजे मध्यरात्री पंखा लावला म्हणून कुणी तिच्यावर खेकसणार नाही. आणि मधुमेहाचं औषध घेणाऱ्याला रात्री गार घाम, थरथर आणि गोंधळल्यासारखं झालं, तर साखर उतरलेली असू शकते. तो शुद्धीवर असेल तर लगेच साखरपाणी द्या, गिळता येत नसेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला शंभराच्या वर ताप, कुणालाही धाप, झटका, मान आखडणं, न थांबणारी उलटी, भलतंच बडबडणं, यात रात्र काढायची नाही.

दवाखान्यात जाताना एक काम करा. ताप किती वाजता चढला, किती होता, घाम कधी आला, हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या त्या तारखेच्या चौकोनात लिहीत चला. महावग्गात शुश्रूषेला अवघड असलेल्या रुग्णाचीही लक्षणं दिलीत आणि त्यातलं एक म्हणजे दुखणं आहे तसं न सांगणं. घरी काय काय दिलं तेही डॉक्टरांना सांगा. करोनाच्या काळात गुळवेल घराघरांत उकळली गेली. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी ती घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं, आयुष मंत्रालयानं ते मान्य केलं नाही. वाद तज्ज्ञांना करू द्या. पण डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर काढा त्या दिवशीच बंद करा, आणि कुठल्या वेलाची पानं किती दिवस उकळून घेतली ते डॉक्टरांनी विचारण्याआधी सांगा. जमलं तर ती डहाळीच पिशवीत घालून न्या.