फॉल्टची वही



 आज पदवी घेणाऱ्या तुमच्यात कुणी एमबीए झालंय, कुणी इंजिनिअर, काहींनी पीएचडी मिळवली आहे. व्यवस्थापनावर दरवर्षी ढिगानं शोधनिबंध निघतात. आज मी त्यांतल्या एकाच कामाबद्दल बोलणार आहे. हे काम आपल्या दारात झालं, जगभरच्या विद्यापीठांत ते शिकवलं जातं, आणि आपल्याकडे मात्र त्याची हवी तेवढी दखल घेतली गेली नाही, याची मला खंत आहे.

साल २००८. मुंबईच्या उत्तरेला तारापूर, आणि महाराष्ट्राची हद्द ओलांडली की लगेच गुजरातेतलं उंबरगाव. दोन्ही ठिकाणी सुटिंग-शर्टिंगचं कापड विणणारे बरेच कारखाने आहेत. निकोलस ब्लूम, अप्रजित महाजन, डेव्हिड मॅकेंझी, जॉन रॉबर्ट्स आणि बेन आयफर्ट हे अर्थतज्ज्ञ तिथे एक प्रश्न घेऊन आले. चांगल्या व्यवस्थापनानं खरोखर फरक पडतो का? ऐकायला हा प्रश्न अगदी बाळबोध वाटतो. पण तो सोडवायला गेलं की घोळ लक्षात येतो. चांगला चालणारा कारखाना नीटनेटका असतो, हे आपल्याला दिसतं. तो नीटनेटका आहे म्हणून चालतो, की चांगला चालतो आणि हाताशी पैसा आहे म्हणून नीटनेटकेपणा परवडतो, हे नुसतं बघून कळत नाही.

म्हणून त्यांनी नव्या औषधाची चाचणी घेतात ती पद्धत वापरली. एकूण १७ कंपन्या आणि त्यांचे २८ कारखाने. व्यवस्थापनाचा सल्ला कुणाला मिळणार हे चिठ्ठी काढल्यासारखं ठरलं, त्यात ना कुणाची शिफारस, ना कुणाची हुशारी. एका गटात सल्लागारांनी महिनाभर पाहणी केली आणि पुढचे चार महिने तिथेच ठाण मांडून सुधारणा अमलात आणायला मदत केली. दुसऱ्या गटात फक्त महिनाभर पाहणी. मालकांना या सल्ल्यासाठी पैसे मोजावे लागले नाहीत.

सल्लागारांना काय दिसलं, ते जरा जवळून बघू. मागावरून उतरलेलं कापड तपासणीच्या टेबलावर येतं. मेंडर, म्हणजे कापड दुरुस्त करणारा कारागीर, डोळ्यांत तेल घालून ते इंचाइंचानं बघतो. कुठे गाठ, कुठे तुटलेला धागा, कुठे तेलाचा डाग. जे निघेल ते हातानं काढायचं, सुटलेला धागा सुईनं पुन्हा ओढून घ्यायचा. या कारखान्यांतलं जवळपास पाचवा हिस्सा मनुष्यबळ या दुरुस्तीतच गुंतलेलं होतं. पण हा फॉल्ट कुठल्या मागावर झाला, कुठल्या पाळीत, कुठल्या डिझाइनला, याची पद्धतशीर नोंद बहुतेक ठिकाणी नव्हती. गिऱ्हाइकाची तक्रार आली की तेवढ्यापुरती धावपळ. म्हणजे तोच माग उद्या तोच फॉल्ट पुन्हा काढणार, आणि तोच मेंडर तो पुन्हा दुरुस्त करणार. मला या संशोधनातला हा सर्वांत अस्वस्थ करणारा भाग वाटतो. इतकी कसबी माणसं, इतकी मेहनत, आणि त्या मेहनतीतून कारखाना काहीच शिकत नाही.

गोदामातही तीच तऱ्हा. सुताच्या पेट्या लेबलाविना एकावर एक रचलेल्या, काही ओल लागून खराब झालेल्या. कुठलं सूत किती शिल्लक आहे हे कुणालाच नक्की ठाऊक नाही, म्हणून असलेलंच सूत पुन्हा मागवलं जायचं.

सल्लागारांनी ३८ पद्धतींची यादी केली होती. त्यांत नवलाचं काहीही नव्हतं. फॉल्टची रोजच्या रोज मागनिहाय नोंद आणि त्यावर मॅनेजरांची रोजची बैठक. माग बंद पडण्याची वाट न बघता ठरलेल्या दिवशी देखभाल. सुताला लेबल, रॅक, आणि शिल्लक सुताच्या रंगछटांची कार्डं करून ती डिझाइनवाल्यांच्या हातात देणं. अमेरिका-जपानच्या कारखान्यांत या गोष्टी कित्येक दशकं मुरलेल्या. इथे सुरुवातीला त्यांतल्या साधारण पाव भागच वापरात होत्या.

पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. फॉल्ट ४० टक्क्यांहून जास्त घटले. तीन वर्षांच्या आत या कंपन्यांनी नवे कारखानेही काढले. २०१३ साली हा निबंध प्रसिद्ध झाला आणि व्यवस्थापनानं फरक पडतो का, या वादात ठोस पुरावा हाती आला.

आता तुम्ही विचाराल, एवढा फायदा होता तर मालकांनी हे आधी का केलं नाही? मालक काही अडाणी नव्हते. पिढीजात धंदा होता, त्यातली खाचखोच त्यांना पाठ होती. पण फॉल्ट मोजलेच नव्हते, त्यामुळे त्यांच्यापायी किती पैसा जातोय हे त्यांना दिसत नव्हतं. आपला माल शेजाऱ्याइतकाच बरा आहे आणि धंद्यात नफा आहे, मग बदलायचं कशाला, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं. या प्रामाणिकपणाची तुम्ही कधी टिंगल करू नका. उद्या तुमच्या अहवालासमोर बसलेला माणूस असाच विचार करत असेल, आणि त्याच्याकडे तीस-चाळीस वर्षांचा अनुभव असेल.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट सापडली. कंपनी किती मोठी होणार, हे मालकाच्या घरात कर्ते पुरुष किती आहेत, यावर बऱ्याच अंशी ठरत होतं. भाऊ चार असतील तर कारखाने वाढणार, एकच मुलगा असेल तर धंदा तिथेच थांबणार. बाहेरच्या मॅनेजरवर खरेदीचा किंवा पैशाचा व्यवहार सोपवायचा तर त्यानं हात मारला तर काय, ही भीती. आणि कोर्टात गेलं तर निकाल कधी लागेल, याचा भरवसा नाही. या हिशेबात मुली आणि सुना धरलेल्याच नव्हत्या. आज समोर बसलेल्या मुलींकडे बघताना मला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. निम्मं घर बाजूला ठेवून धंदा वाढत नाही म्हणून हळहळायचं, हे किती पिढ्या चालणार?

बाहेरच्या माणसावर विश्वास टाकण्याचा प्रश्न सोडवता येतो, आणि तो आपल्याच मातीत एकानं सोडवूनही दाखवला. १९१० साली औंध संस्थानाच्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी वसाहत उभी केली. त्यांचा लोखंडी नांगर जमिनीत विष कालवतो, असं शेतकरी म्हणत. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. त्या काळात ज्यांच्या कपाळी गुन्हेगारीचा शिक्का बसला होता, अशा माणसांना लक्ष्मणरावांनी वाडीच्या राखणीला नेमलं. रक्ताच्या नात्यापलीकडे माणूस जोडता आला, म्हणून ती वाडी वाढली. उद्योजकतेवरच्या अभ्यासक्रमात भांडवल आणि बाजारपेठ यांना भरपूर तास दिले जातात. विश्वास कसा उभा करायचा, यालाही तेवढेच तास मिळायला हवेत.

तारापूरची गोष्ट २०१३ ला संपत नाही. संशोधक २०१७ साली पुन्हा त्याच कारखान्यांत गेले. संशोधनात हे फार कमी वेळा घडतं. निबंध छापून आला की बहुतेक जण पुढच्या विषयाकडे वळतात. या मंडळींनी मात्र जवळपास नऊ वर्षांनी परत दार ठोठावलं. त्यांना असं दिसलं की ज्या कारखान्यांत सल्ला दिला होता, तिथे उचललेल्या पद्धतींपैकी साधारण निम्म्या सुटल्या होत्या. तरीही ज्यांना सल्ला मिळाला नव्हता त्यांच्यापेक्षा ते कारखाने बरेच पुढे होते. त्याच मालकाच्या इतर कारखान्यांत यातल्या बऱ्याच पद्धती पोहोचल्या होत्या, पण एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत फारशा गेल्याच नाहीत. रस्ता ओलांडला की दुसरा कारखाना, आणि तिथे मागील पानावरून पुढे चालू.

सुटलेल्या पद्धतींमागे दोन कारणं वारंवार पुढे आली. मॅनेजर बदलला, किंवा मालकाला लक्ष द्यायला वेळ उरला नाही. तुमच्या कामाची खरी कसोटी मला इथे दिसते. तुम्ही नोकरीला लागाल, हौसेनं काहीतरी सुरू कराल, पहिल्या वर्षी कौतुक होईल. दोनतीन वर्षांत तुम्हाला चांगली ऑफर येईल आणि तुम्ही जाल. जावंच, त्यात काही गैर नाही. पण फॉल्टची वही कोण लिहितं, ती रोज कोण वाचतं, ती एक दिवस कोरी राहिली तर कुणाच्या लक्षात येतं, हे जाण्याआधी पक्कं करून जा. जो मेंडर हातानं गाठ काढतो, त्याला ती वही आपल्या उपयोगाची वाटली तर तुमच्या माघारीही ती लिहिली जाईल. साहेब विचारतात म्हणून तो लिहीत असेल, तर तुमच्या निरोपसमारंभाबरोबर ती बंद होईल.

पीएचडी झालेल्यांना एक विनंती आहे. हा अभ्यास शेकडो कामगारांच्या कारखान्यांचा आहे. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीत मात्र आठ-दहा यंत्रमागांचे गाळे आहेत. कित्येकदा मालक स्वतःच बिघडलेला माग दुरुस्त करतो, सूत व्यापाऱ्याचं असतं, मजुरी मीटरवर किंवा पिकांवर, म्हणजे आडव्या धाग्यांच्या संख्येवर, ठरते, आणि सुधारणेचा फायदा मालकाच्या पदरात पडेल की व्यापारी दर पाडेल, हे सांगता येत नाही. तारापूरची यादी तिथे जशीच्या तशी चालेल, असं मला वाटत नाही. तिथे काय चालेल, हे शोधायला कुणीतरी वर्ष-दोन वर्षं गाळ्यांच्या खडखडाटात उभं राहायला हवं. ते तुमच्यापैकी कुणी मनावर घेतलं, तर प्रश्नावली छापण्याआधी दोन पाळ्या मागांची देखभाल करणाऱ्या जॉबरबरोबर आणि एक दिवस हिशेब ठेवणाऱ्या दिवाणजीबरोबर काढा. त्यांना काय मोजावंसं वाटतं ते आधी विचारा. आणि निबंध छापून आल्यावर पाच वर्षांनी परत जायची तारीख आत्ताच डायरीत लिहून ठेवा.